परतीचे भाडे

(गंगाखेड येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)

छत्तीस वर्षे परगावी अर्थशास्त्र शिकवून मी गेल्या वर्षी मार्चअखेर गंगाखेडला कायमचा परत आलो. 'गावाकडे परतलेला माणूस' म्हणून आपण मला येथे उभे केले आहे. तेव्हा त्या परतण्याचीच हकीकत सांगतो. वाटेत मला एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर मी आयुष्यभर शिकवलेल्या विषयात मला सापडले नाही.

सामानाचा ट्रक कोल्हापूरहून निघाला. पत्नी आधीच रेल्वेने पुढे गेली होती. पुस्तकांच्या पेट्या, दोन कपाटे आणि तिने टाकून द्यायला साफ नकार दिलेला पाटा-वरवंटा यांच्यासह मी चालकाशेजारी बसून आलो. मिरज, सांगोला, पंढरपूर, बार्शी, अंबाजोगाई, परळी असा चारशेहून अधिक किलोमीटरचा हा रस्ता. उसाच्या हिरव्या पट्ट्यातून निघून तो आपल्या काळ्या, कोरडवाहू जमिनीत येतो. कारखान्यांचा पट्टा पडायचे ते दिवस होते. त्यामुळे रस्ताभर ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या भेटत होत्या. वर कोप्यांच्या चटया, बांबू, भांडी, शेळ्या आणि त्या साऱ्यावर बसलेली माणसे. माझा संसार ट्रकमध्ये बंदिस्त होता आणि त्यांचा उघड्यावर होता. पण आम्ही सारे एकाच दिशेने घरी चाललो होतो.

पंढरपूर ओलांडताना जनाबाईंची आठवण होणे गंगाखेडच्या माणसाला अपरिहार्य आहे. परंपरा सांगते की, लहानपणीच त्यांना येथून पंढरपुरास दामाशेटींच्या घरी कामाला ठेवण्यात आले. आपण त्यांना संत म्हणून पूजतो व ते योग्यच आहे. परंतु गोदाकाठ सोडून परक्या घरी दळण-कांडण करायला गेलेली या गावची ती एक श्रमिक मुलगीही होती, हे आपण विसरतो. तिच्या जाण्याची कथा घरोघर सांगितली जाते. परतण्याची कथा मात्र नाही.

येरमाळ्याला चहासाठी थांबलो. शेजारी एका ट्रॉलीचे चाक पंक्चर होऊन टोळी खोळंबली होती. बोलण्यावरून माणसे गंगाखेड तालुक्यातलीच निघाली. कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने माझ्या ट्रककडे पाहून विचारले, "सर, येवढ्या सामानाचं भाडं कुनी देलं?"

म्हटले, "मीच दिलं. निवृत्तीचे पैसे मिळाले होते."

ती म्हणाली, "आमचं बी आमीच देलं. जाताना मुकादमाची गाडी दारात आली व्हती. येताना डिझेलची वर्गणी काढली."

तिचा नवरा खाली मान घालून म्हणाला, "उचल फिटली न्हाई, सर. पुढल्या साली पुन्हा त्याच मुकादमाकडं."

मित्रहो, या तीन वाक्यांत ऊसतोडीचे संपूर्ण अर्थशास्त्र आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या आगेमागे हातात उचल पडते, ती लग्नात, दवाखान्यात आणि जुन्या देण्यात विरते, आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडण्यात जातात. मजूर फडापर्यंत पोहोचणे ही कारखान्याची निकड असते, म्हणून गाडी दारात येते. हंगाम संपल्यावर त्याने घरी पोहोचणे ही कोणाचीच निकड नसते, म्हणून वर्गणी काढावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती संघटनेच्या व संपाच्या दबावाने मिळाली, तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि सारी वाटाघाट टनाच्या भाषेत होते. ऊस टनात मोजता येतो, घर सोडून काढलेले महिने टनात मोजता येत नाहीत.

परतीचे भाडे ही कल्पना आपल्या राज्यव्यवस्थेला अपरिचित आहे काय? मुळीच नाही. केंद्र सरकारचा कर्मचारी निवृत्त झाला की त्याला स्थायिक होण्याच्या गावापर्यंतचा प्रवासखर्च व सामानाच्या वाहतुकीचा खर्च नियमाने मिळतो. मजुरांसाठीही संसदेने १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. कंत्राटदाराने परराज्यात नेलेल्या मजुराला जाण्यायेण्याचे भाडे द्यावे आणि प्रवासाच्या दिवसांचीही मजुरी द्यावी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. २०२० साली हा कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला, तरी राज्याची सीमा ओलांडण्याची अट राहिलीच. परिणाम पाहा. गंगाखेडचा एक कोयता बेळगावकडे गेला तर तो कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरित. त्याचा सख्खा भाऊ अलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातच थांबला तर तो स्थलांतरित नव्हे! घर दोघांचेही तितकेच मागे राहते, मुलांची शाळा दोघांचीही तितकीच बुडते.

केवळ कायदा पुरेसा असतो, असेही मी म्हणत नाही. २४ मार्च २०२० च्या रात्री अवघ्या चार तासांच्या मुदतीने देश बंद झाला. ८ मेच्या पहाटे आपल्याच मराठवाड्यात, करमाडजवळ, रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून ते पायी घराकडे निघाले होते. आंतरराज्य मजुरांचा कायदा तेव्हा ४१ वर्षांचा झाला होता. त्याच काळात आपले ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. १७ एप्रिलला राज्य सरकारने त्यांना परतण्याची परवानगी दिली, तेव्हा ३८ कारखान्यांच्या आवारांत सुमारे १ लाख ३१ हजार माणसे असल्याचा आकडा पुढे आला. साथीच्या भयाने का होईना, मोजणी झाली. जी गोष्ट भयापोटी जमते, ती न्यायापोटी का जमू नये?

म्हणून मी तीन मागण्या आपल्यापुढे ठेवतो. एक, जिल्ह्याबाहेर कामाला नेलेल्या प्रत्येक कोयत्याला, राज्याची सीमा ओलांडो वा न ओलांडो, परतीचे भाडे व प्रवासाच्या दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे. राज्यात ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे, त्याच्या निधीसाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे ठरलेले आहे. पहिला खर्च या भाड्याचा असावा. दोन, उचलीचा हिशेब लेखी असावा व त्याची प्रत मजुराच्या हाती असावी. तीन, परतलेल्या माणसाला उन्हाळ्यात गावातच काम मिळावे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका मी शाळकरी वयात याच तालुक्यात पाहिल्या आहेत. त्या अनुभवातूनच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. तो कायदा मागूनच मिळाला होता, हे तरुण कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे.

या मागण्या कागदावर राहू नयेत म्हणून एक काम सुचवतो आणि थांबतो. दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतील. त्याआधी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी एकेक वही घालावी: कोयता कोणाचा, कारखाना कोणता, उचल किती, सोबत मुले किती. मार्चमध्ये हीच माणसे परततील, तेव्हा त्याच वहीत दुसरी नोंद करावी: परत आले किती, देणे राहिले किती, भाडे कोणी दिले. लिहिण्याचे काम मी करीन. पेन्शनर माणसाला वेळ भरपूर असतो.

येरमाळ्याला त्या बाईने मला प्रश्न विचारला तेव्हा माझ्याजवळ पस्तीस पेट्या पुस्तके होती, उत्तर नव्हते. पुढच्या मार्चमध्ये ती पुन्हा त्याच रस्त्याने येईल. तोवर ते उत्तर आपण मिळून तयार केले पाहिजे.