संत्र्याची गोळी

मंडळी, आज आम्ही तुम्हांला एका गोळीची गोष्ट सांगतो. ही औषधाची गोळी नव्हे हो. खाऊची.

आमचे लहानपण अंधेरीला गेले. वाण्याच्या दुकानात काचेची बरणी असे. तिच्यात संत्र्याच्या फोडीसारख्या केशरी गोळ्या. साखरेचा पाक खूप कढवायचा, त्यात रंग, वास अन् थोडे आंबट घालायचे, मग साच्यात दाबायचा. झाली गोळी! पावसाळ्यात ओल लागली की गोळ्या एकमेकींना चिकटत. तो गोळा वाणी स्वस्तात देई. आम्ही पावसाची वाटच बघत असू.

अंधेरीशेजारचे स्टेशन विलेपार्ले. तिथे १९२९ साली पार्ले कंपनीचा कारखाना निघाला. बिस्किटे मागाहून आली, आधी गोळ्याच. गाडी पार्ल्याला आली की गोड वास डब्यात शिरे. डोळे मिटूनही स्टेशन कळे.

१९८२ साली गिरण्यांचा संप झाला. आमचे वडील गिरणीत होते. पगार बंद, गोळीही बंद. आम्ही काही मागत नव्हतो. एका संध्याकाळी वडील काम शोधून परत आले. खिशातून त्यांनी एक गोळी काढली. आम्ही भावंडे तीन. अडकित्त्याने त्यांनी तिचे तीन तुकडे केले. उरलेला चुरा आईच्या हातावर ठेवला.

आई म्हणाली, "अहो, अन् तुम्हांला?"

"मी पार्ल्यावरूनच आलो की. वास घेतला पोटभर."

तो कारखाना २०१६ साली बंद झाला. गाडी पार्ल्याला थांबली की आम्ही अजून खिडकीशी तोंड नेतो.