आश्रय मागणारे आणि आश्रय देणारे
(माजलगाव येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मराठवाड्यात दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात, आणि ती घेतली जावीतच. परंतु त्या दिवसाच्या आगेमागे जी माणसे घरदार टाकून दुसऱ्याच्या ओसरीवर आली, आणि ज्यांनी ती ओसरी मोकळी करून दिली, त्यांच्याविषयी व्यासपीठावरून फारसे बोलले जात नाही. माजलगावात शरणार्थ्यांच्या सेवेचा विषय काढावयाचा तर तो येथूनच काढला पाहिजे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. रझाकारांचा उपद्रव वाढला तशी कुटुंबेच्या कुटुंबे हद्द ओलांडू लागली. माजलगावहून सरहद्द जवळ नव्हती. पश्चिमेस नगरकडे जाण्यासाठी अख्खा जिल्हा ओलांडावा लागे. बार्शी, सोलापूर, मनमाड, उमरखेड ही नावे मुक्तिलढ्याची सरहद्दीवरील केंद्रे म्हणून सर्वपरिचित आहेत. पण सरहद्दीपलीकडचा हाच मुलूख निर्वासितांचाही आसरा होता. आलेल्यांच्या जोंधळ्याची, पांघरुणांची सोय पाहणे, कोणाचे कोण मागे राहिले याची विचारपूस करणे, हे काम पराक्रमाच्या इतिहासात बसत नाही. ते ज्यांनी केले त्यांची नावेही बहुधा कोठे नोंदली गेली नाहीत.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि पाच दिवसांत निजामी राजवट कोसळली. त्यानंतर जीव मुठीत धरून घर सोडण्याची पाळी मुसलमान शेजाऱ्यांवर आली. रझाकारांशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशी गरीब माणसेही त्यात भरडली गेली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदींच्या समितीने १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानभर फिरून अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांत किमान १८ हजार, तर औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत किमान ५ हजार माणसे प्राणास मुकली, असा तिचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे येऊ दिला गेला नाही. बीडचे नाव त्यात आहे, हे बीडकरांना तरी ठाऊक असावयास हवे.

त्याच अहवालात दुसरीही गोष्ट नमूद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंच्याच जमावापासून वाचविले, आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही वेचले. एका मागावर बसणाऱ्यांचे नाते तेथे धर्माहून बळकट ठरले. श्रमिकांच्या ऐक्यावर व्याख्याने पुष्कळ होतात; हा दाखला मात्र क्वचितच दिला जातो. बार्शीची ओसरी मोलाची होतीच, पण या विणकरांची कसोटी अधिक कठीण होती. आपल्यावर जुलूम झाला तो ज्यांच्या नावाने, त्यांच्यातल्याच निरपराध माणसाला त्यांनी दार उघडले.

१९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी शरणार्थी आले. तेव्हा देशभर टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. ते पैसे हिंदू शरणार्थ्याला की मुसलमान, असे कोणी विचारले नाही. आज तो प्रश्न राजरोस विचारला जातो. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, देशात शरणार्थ्यांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे आलेल्या कुटुंबाला दवाखाना, शाळा, भाड्याची खोली मिळते की नाही, हे पुष्कळदा गल्लीतल्या चार माणसांवर अवलंबून राहते.

माजलगावला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. दसरा उलटला की या जिल्ह्यातली लाखो माणसे कोयता घेऊन परमुलखात जातात, कोपीत राहतात आणि तिथल्या गावाच्या विहिरीवर पाणी मागतात.

१९४८ पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. तरुण कार्यकर्त्यांनी येत्या १७ सप्टेंबरपूर्वी त्यांच्या घरी जावे, मुसलमान मोहल्ल्यांतही जावे, कोण पळाले आणि कोणी लपविले ते विचारून लिहून घ्यावे, आणि ध्वजवंदनाच्या वेळी तीही नावे वाचावीत.