लहान गळ्याला झीलकऱ्यांची सोबत

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी साखर कारखान्यातला कामगार. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचं जे काही शिकलो ते वाचनालयात आणि मोर्चात. संगीताचं शास्त्र मला येत नाही. तरीही आज गाण्यावर बोलणार आहे. कारण गेल्या वर्षभरात माझ्या सात वर्षांच्या नातीसाठी गाण्याची जागा शोधत मी हिंडलो, आणि त्यात माझीच एक जुनी चूक मला नव्यानं दिसली. ती चूक तुमच्या घरात होऊ नये म्हणून सांगतो.

ही पोरगी भांडी घासताना गाते, शाळेच्या वाटेवर गाते, झोपेतसुद्धा गुणगुणते. पंधरा ऑगस्टच्या समूहगीतात तिचं नाव आलं तेव्हा घरात आनंदच आनंद. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मात्र ती घरी आली ती गप्पच. रात्री मला म्हणाली, "आबा, बाई म्हणाल्या, तुझा सूर लागत नाही, तू नुसतं तोंड हलव." शाळेचं नाव मी घेत नाही. बाईंच्या मनात वाईट काही नसेल, पाहुण्यांसमोर गाणं चांगलं व्हावं एवढीच त्यांची धडपड. पण त्या दिवसापासून पोरीनं घरातलं गुणगुणणंसुद्धा बंद केलं. म्हणून मी ठरवलं, हिला गाणाऱ्यांची सोबत मिळवून द्यायची.

पहिल्यांदा एका क्लासमध्ये गेलो. गुरुजी माणूस चांगला, शिकवणं शिस्तीचं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेची तयारी तिथं करून घेतात. एकेक मूल पुढं बसतं, सरगम म्हणतं, बाकीची वही घेऊन थांबतात. नातीनं तासभर बघितलं आणि विचारलं, "आबा, हे सगळे मिळून कधी म्हणतात?" त्याला उत्तर नव्हतं. शास्त्रीय शिक्षणाला मी नाव ठेवत नाही. मूल मोठं झालं, त्याची ओढ टिकली, तर जरूर घालावं. पण हिला त्या वेळी परीक्षा नको होती, शेजारी गाणारं कुणीतरी हवं होतं.

मग एका गायन पार्टीकडं गेलो. बुवांनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, "पोरगी चुणचुणीत आहे. जयंतीच्या महिन्यात स्टेजवर उभी करू. लहान मूल दिसलं की लोक खूश होतात." मी हो म्हणून घरी आलो. माझ्या लेकीनं, म्हणजे पोरीच्या आईनं, ते ऐकलं आणि म्हणाली, "आप्पा, माझ्या वेळी तुम्ही नोटा मोजत होता. हिच्या वेळी तरी तिचा गळा बघा."

बंधूंनो, हे मला सर्वांसमोर बोलायला जड जातंय. माझी लेक नऊ वर्षांची असताना मीच तिला एका पार्टीत घातलं होतं. त्यालाही कारण होतं. आमच्या लहानपणी गावच्या भजनात आमच्या हाती टाळ मिळत नसे. देवळाच्या पायरीखाली उभं राहून टाळ्या वाजवायच्या, एवढाच आमचा वाटा. त्यामुळं आपली पोर माईकपुढं उभी आहे आणि गाव ऐकतंय, यात मला सगळं भरून पावल्यासारखं व्हायचं. रात्री एक-एक वाजेपर्यंत कार्यक्रम चालायचे. बुवांचा बाज कव्वालीचा, पट्टी उंच. त्यांच्याही वर पोरीनं गायचं. लोक दहा-दहाच्या नोटा लावायचे, मी त्या खिशात घालायचो. दुसऱ्या हंगामात तिचा आवाज बसला. डॉक्टर म्हणाले, ओरडून ओरडून स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्यात, आवाजाला विश्रांती द्या. विश्रांतीनं आवाज सुधारला, पण ती परत गायली नाही. पुढं लग्न झालं, मूल झालं, अंगाईसुद्धा तिनं म्हटली नाही. त्या नोटा कधीच संपल्या. गाणं मात्र घरातून गेलं ते गेलंच.

मिल हाऊसमध्ये माझी तीस वर्षं गेली. गळीत हंगामात तिथं शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून माणूस आणखी जोर करतो. पाळी सुटल्यावर घरीसुद्धा आम्ही ओरडूनच बोलतो. स्टेजवर दोन्ही बाजूंना मोठमोठे स्पीकर असताना लहान मुलाचं हेच होतं. त्याला ना स्वतःचा सूर ऐकू येतो ना शेजारच्याचा, मग ते गात नाही, ओरडतं. हे मला कारखान्यात रोज दिसत होतं, पण लेकीच्या बाबतीत कळलं नाही.

आता मूळ प्रश्न, पोरीचा सूर खरंच लागत नव्हता का? आमच्या वस्तीत एक जुने पेटीवाले आहेत. त्यांनी तिला शाळेतलंच गाणं म्हणायला लावलं. शाळेत ते काळी चारमध्ये बसवलं होतं. मोठ्या बाईमाणसाला ती पट्टी सोयीची, पण सात वर्षांच्या गळ्याला षड्जच इतका खाली की आवाज घशात अडकतो. गाणं त्याच्याही खाली उतरलं की मूल नुसतं पुटपुटतं. म्हाताऱ्यानं पट्टी वर सरकवत पुढच्या सप्तकातली काळी एक धरली आणि म्हणाले, "आता म्हण." पोरगी सुरात गायली! सूर चुकत नव्हता, पट्टी चुकत होती. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, डोळ्यांना पाणी आलं होतं.

असं कितीतरी मुलांना आपण "तुला गाता येत नाही" म्हणून गप्प बसवलं असेल. त्यांतली काही आज या सभेत केस पिकवून बसली असतील.

बरं, मिळून गाणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. पोवाड्यात शाहिरामागं झीलकरी असतात. शाहिरानं ओळ टाकायची, झीलकऱ्यांनी ती उचलायची. तेवढ्यात शाहीर दम घेतो. दर वर्षी तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. दिंडीतले टाळकरी बघा. एक जण सांगतो, बाकीचे घेतात, थकलेल्याचा आवाज शेजारचा सांभाळतो. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. तमाशाचा साचा घेतला, आत समाजजागृतीचा मजकूर भरला. तोही काही एकट्याचा खेळ नव्हता. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, पण त्यांची गाणी वस्त्यांनी मिळून म्हटली म्हणून टिकली. आणि इथं विहारात आपण त्रिशरण-पंचशील म्हणतो तेव्हा कुणाला कधी "तू नुसतं तोंड हलव" असं सांगतो का?

इंदापूरकरांना शाहीर अमर शेख यांची आठवण वेगळी करून द्यायला नको. बार्शीचा हा माणूस १९६९ साली इंदापूरजवळच अपघातात गेला. हजारोंच्या सभा हलवणारा आवाज! पण तो आवाज घडला आई मुनेरबीची गाणी ऐकत. आणि एवढ्या ताकदीच्या गळ्यालाही अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभारावंसं वाटलं. मोठ्या गळ्याला सोबत लागते, तर लहान गळ्याला किती लागत असेल?

म्हणून आम्ही चार पालकांनी मिळून विहाराच्या या हॉलमध्येच दर रविवारी सकाळी आठ ते नऊ मुलांचं गाणं सुरू केलं. पाच मुलांपासून सुरुवात झाली, आज अठरा आहेत. आमचे नियम साधे आहेत.

पहिला नियम, कुणालाही काढायचं नाही आणि कुणाला नुसतं तोंड हलवायला सांगायचं नाही. ज्याचा सूर हलतो त्याला सुरात असलेल्या दोघांच्या मध्ये उभं करायचं.

दुसरा, पट्टी मुलांच्या गळ्यावरून ठरेल, पेटीवाल्याच्या सोयीनं नाही.

तिसरा, माईक नाही. मुलं अर्धगोलात उभी राहतात, म्हणजे एकमेकांना ऐकू येतं. शेजारच्याचा आवाज ऐकू येत नसेल तर आपला मोठा झाला, असं आम्ही मुलांना शिकवतो.

चौथा, गाण्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आधी सांगायचा.

पाचवा, बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान मुलग्यांचा आवाज फुटतो. तेव्हा त्यांना हसायचं नाही की घरी पाठवायचं नाही. खालच्या सुरात झील धरू द्यायची, नाहीतर ढोलकीवर बसवायचं.

सहावा, जयंतीत मुलांचं गाणं संध्याकाळीच उरकायचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहेच. मुलांच्या झोपेसाठी आपण त्याच्याही आधी थांबू. आणि मुलांच्या गाण्यावर कुणी नोटा लावायच्या नाहीत. हा नियम माझ्या हट्टानं घातलाय, कारण तुम्हाला आता माहीत आहे.

इंदापूर तालुक्यातल्या बांधवांनी विचारलं, आमच्या मुलांचं काय? बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. दर रविवारी मुलाला घेऊन येणं मजुरी करणाऱ्या माणसाला परवडणार नाही. माझं म्हणणं, आणूच नका, तिथंच सुरू करा. शेजारच्या तीन-चार गावांनी मिळून एक पेटी घ्यावी. पेटीवाला नसेल तर सुरात गाणारी एखादी आजी शोधावी. ती प्रत्येक वस्तीत असते, फक्त तिला कुणी विचारलेलं नसतं. सहा मुलं जमली की झालं. सहा महिन्यांनी दोन्हीकडची मुलं एका ठिकाणी आणून मिळून गाऊ द्यात. स्पर्धा नको, बक्षीस नको, पोटभर खाऊ द्या.

नातीचं सांगून थांबतो. ती आता दुसऱ्या ओळीत उभी राहते. पुढं ये म्हटलं तर म्हणते, "नको आबा, इथं दोन्हीकडून ऐकू येतं." तिची आई दर रविवारी तिला सोडायला येते. आधी ती दारातूनच परत जायची. हल्ली मागं भिंतीला टेकून बसते. अजून गात नाही. परवा मात्र पेटीवाले मला म्हणाले, मागून कुणाचा तरी बारीक आवाज येत होता. मी मागं वळून बघितलं नाही. मागच्या वेळी फार बघितलं होतं.

समितीला माझी एकच विनंती आहे. या वर्षीच्या वर्गणीतून मंडपावरचा थोडा खर्च कमी करावा आणि आपल्या जुन्या पेटीचा भाता दुरुस्त करावा. हवा टिकत नाही, सूर मध्येच तुटतो, आणि मुलं ते आपल्याकडून तुटलं असं समजतात.

एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो. जयभीम.