रोजंदाराचा धनी कोण?

(शेतकरी, शेतमजूर व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



सुगीत चार दिवस एकाच्या रानात, चार दिवस दुसऱ्याच्या बांधकामावर, दोन दिवस सांगलीच्या पेठेत हळदीची पोती उचलायची आणि उन्हाळ्यात रिकाम्या हाताने बसायचे, असे ज्यांचे पोट आहे त्यांस आम्ही एकच प्रश्न विचारतो. तुम्ही कोणाचे नोकर? व्यापारी म्हणतो, हा टोळीचा माणूस. साखर कारखाना म्हणतो, हा मुकादमाचा. मुकादम म्हणतो, मी नुसता माणसे आणणारा. म्हणजे काम सर्वांचे आणि कामकरी कोणाचाच नव्हे! आजारपण, अपघात आणि म्हातारपण मात्र त्याच्या एकट्याचे.

धनी रोज बदलतो म्हणून मजुरास हक्क नाही, हे बोलणे खोटे आहे. ते खोटे कसे, हे आपल्याच मुलखातील माणसांनी करून दाखविले आहे.

तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी 1965 साली आपल्याच भागात, काम मागेल त्यास काम द्यावे, असा प्रयोग करविला. पुढे 1972 च्या दुष्काळात खडी फोडून आणि बंधारे घालून लाखो कुटुंबे जगली ती याच वाटेने. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला व 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. याला पैसा कोठून आणला, तेही ऐका. 1975 साली पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांजवर व्यवसाय कर बसविला, ओलिताच्या जमिनीवरही आकार घेतला आणि जमेल तितकीच भर सरकारने घालावी असे ठरविले. मुंबईच्या वकिलाचा कर जतच्या मजुराच्या हाती मजुरी होऊन पडू लागला.

यावर काही पगारदार कुरकुर करतात की, आम्ही वर्षाला अडीच हजार भरावेत आणि मजुराने बसून खावे काय? त्यांस आमचे उत्तर असे. मजूर बसून खात नाही. त्याने बांधलेले पाझर तलाव आणि रस्ते आज गावोगाव उभे आहेत. शिवाय साबण, चप्पल, कापड घेताना तोही करच भरतो. त्याची पावती त्याच्या नावाची नसते इतकेच. ज्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे हेच मांडले होते की, सरकारच्या तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून आणि त्यातले रयतेकडे फारच थोडे परत जाते. सबब हमीचे काम ही भीक नव्हे, ती आपल्याच घामाची परतफेड आहे.

दुसरा दाखला माथाडींचा. पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या हमालांस एकत्र केले आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी आहे. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. म्हणून मंडळ नेमले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळात भरावी, मंडळाने मजुरी द्यावी व लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि दवाखाना भागवावा. एक धनी सापडत नाही तर सगळ्या धंद्यावरच पट्टी बसविली!

तिसरा दाखला अजून अर्धाच आहे. माण, जत, आटपाडीची कितीतरी जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांच्यासाठी 2019 साली गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ निघाले. पुढे कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यावेत व सरकारने तितकीच भर घालावी असे ठरले. परंतु कोयता हाती धरणारा आजही कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. तो तेथे येईपर्यंत ही लढाई पुरी झाली असे आम्ही मानणार नाही.

आता आपले कर्तव्य. काही भाबडे लोक म्हणतात, नाव लिहिले तर कर लागेल. शेतमालाच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. मजुरी हे शेतीचे उत्पन्न नव्हे हे खरे; पण 2025 च्या अंदाजपत्रकाने नव्या पद्धतीत वर्षाच्या 4 लाखांपर्यंत कर ठेवलेला नाही. इतके कोणत्या रोजंदाराला मिळते? तेव्हा कराला भिऊ नका, कोऱ्या हजेरीपटाला भ्या. काम मागाल तर लेखी मागा व तारखेची पोच घ्या. हमालांनी मंडळात नोंद करा. ऊसतोड्यांनी गाव सोडण्याआधी ग्रामसेवकाकडून ओळखपत्र घ्या; उचलीचा आकडा स्वतःच्या वहीत लिहा, आणि बाईचे नाव नवऱ्याच्या नावाखाली बुडवू नका, कारण कोयत्याचे अर्धे काम तिचे आहे.

ज्याचे नाव कागदावर नाही, त्याचा घाम हिशेबात धरला जात नाही. मुलाबाळांस शिकवा, म्हणजे तो कागद वाचण्यास दुसऱ्याच्या दारी जावे लागणार नाही.