या जी, गाडी सावलीत लावा

संमेलनाचे अध्यक्ष, उद्घाटक, मंचावरची पाहुणे मंडळी, नागपूर, रायपूर, पुण्या-मुंबईहून आपापल्या म्हाताऱ्या गाड्या चालवत आलेले मालक, आणि त्या गाड्या इथवर पोचाव्या म्हणून रात्र रात्र जागलेले मिस्त्री, तुम्हा सगळ्यांना लाखनीकरांचा नमस्कार.

स्वागताध्यक्ष व्हायला दोन गोष्टी लागतात म्हणे, पैसा आणि मोकळी जागा. माझ्याकडे दुसरी होती. धान निघालेल्या माझ्या तीन बांध्या मी सपाट करून दिल्या आणि समितीनं माझ्या छातीवर हा बिल्ला लावला. आयुष्य गाडीखाली उताणं झोपून गेलं, त्यामुळे उभं राहून बोलायची सवय नाही. काही मागं-पुढं झालं तर सांभाळून घ्या जी.

लाखनीत पाहण्यासारखं काय आहे, असं काल एका पाहुण्यांनी विचारलं. मी म्हटलं, रस्ता पाहा. इंग्रजांनी नागपूरहून रायपूरकडे नेलेला हा ग्रेट ईस्टर्न रोड. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा झाला, आता कागदावर त्रेपन्न आहे, पण आम्ही अजून सहा नंबरच म्हणतो. या रस्त्यानं गावाला पोसलं. चहाची टपरी, पंचरवाला, पाट्याचं काम करणारा लोहार, बॅटरीवाला, सीट शिवणारा, सगळे याच्याच काठावर मोठे झाले. रुंदीकरणात ती ओळ मागं सरकली, काही दुकानं तर पुसूनच गेली, आणि आता उड्डाणपुलामुळे ट्रक आमच्या डोक्यावरून जातात. ड्रायव्हरला खाली लाखनी आहे हे कळतही नसेल. तुम्ही मात्र पुलावरून न जाता खालच्या रस्त्यानं आलात, त्याबद्दल वेगळे आभार.

माझे वडील याच रस्त्यावरचे ड्रायव्हर. एका गिरणीमालकाचा फार्गो ट्रक ते नागपूर-रायपूर चालवत. फार्गो म्हणजे मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियरच्या कारखान्यात जुळलेला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी काढली. याच कंपनीची फियाट पुढे पद्मिनी झाली, आणि मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेच्या नियमानं रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरांत पानभर फोटो आले. फार्गो गेला तेव्हा कुणी फोटो काढला नाही. तो टप्प्याटप्प्यानं भंगारात गेला, आधी बोनेट, मग केबिन, शेवटी चेसिस.

वडील गेअर कानानं टाकायचे. तेव्हाच्या गेअरबॉक्समध्ये आजच्यासारखी सोय नव्हती. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, ॲक्सिलेटरनं इंजिनाचा सूर चढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गेअर घ्यायचा. सूर जुळला नाही की दाते करकरत आणि क्लीनरच्या सीटवर बसलेल्या मला वाटायचं, आता सगळं तुटतं. त्यांचे मात्र क्वचितच करकरत. १९८२ मध्ये आपल्या गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आला आणि तिथं गेअरबॉक्स तयार होऊ लागले, तेव्हा वडील फाटकाबाहेर उभे राहून बघत होते. म्हणाले, "आता पोरायले काही शिकाच नाही लागत गा." त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मला अजून उमगलेलं नाही. आज इथं बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. ज्यांच्या हातून हजारो गेअरबॉक्स गेले, ते आज एका जुन्या पेटीचं झाकण उघडून बघायला आलेत, हे मला फार आवडलं.

आता शर्यतीचं बोलू. मोटारशर्यत म्हटली की आपण मद्रासकडे पाहतो, आणि ते बरोबरच आहे. शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक विमानाची धावपट्टी पडून होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं तिथं शर्यती भरवल्या आणि घरगुती फियाट तिथं इंजिन ताणून धावल्या. आपल्या मुंबईच्या नाझीर हुसेन यांनी १९८० पासून हिमालयन रॅली भरवली. त्याही आधीची १९६८ ची लंडन-सिडनी मॅरेथॉन तर मुंबईवरूनच गेली. लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. ज्या टिकल्या त्या मुंबई बंदरात बोटीवर चढून ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरल्या. शेवटी शेवटी एक सित्रोएन सगळ्यांच्या पुढे होती. मुक्काम हाकेच्या अंतरावर असताना समोरून आलेल्या गाडीशी तिची धडक झाली आणि अँड्र्यू कोवन यांची हिलमन हंटर जिंकली. हिलमन हंटर म्हणजे बायका-पोरांना घेऊन बाजाराला जायची गाडी! हा किस्सा मी गॅरेजमध्ये इतक्यांदा सांगितला आहे की माझा मुलगा पाना घेऊन उठून जातो.

पण आम्हा झाडीपट्टीवाल्यांनी शर्यत आधी पाहिली ती पटाची. शंकरपट. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. बैलांची जोडी, हलकी छकडी, वर धुरकरी, आणि बैल पळतात त्या दाणीच्या दोन्ही बाजूंना लोटलेली माणसं. दिवसा पट, रात्री नाटक. लाखनीचा पट जुना आणि नावाजलेला. इथं घड्याळ सेकंदाच्या तुकड्यांत बोलतं, म्हणून तुमच्या रेसिंगवाल्यांची भाषा आम्हाला लगेच कळते. तुम्ही लॅप टायमिंगवर भांडता, आमच्याकडे त्याच गोष्टीवरून सोयरिकी अडल्या आहेत.

२०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पट थांबला. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठानं पटाला मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदी बरोबर होती की चूक, यावर इथं बोलत नाही. बैलाला काठी-खिळे टोचणारे लोक मीही पाहिले आहेत. मला वेगळंच दिसलं. त्या सात वर्षांत जी पोरं धुरेवर बसायला शिकली असती, ती शिकली नाहीत. पट सुरू झाला तेव्हा बैल मिळाले, छकड्या मिळाल्या, पैसाही मिळाला. जुने धुरकरी मात्र गुडघे धरून बसले होते आणि मधली पिढीच नव्हती. गाड्यांचं तेच होणार आहे, मंडळी. कार्बोरेटर जर्मनीहून मागवता येईल. तो कानानं लावणारा माणूस कुठून मागवाल?

म्हणून एक गोष्ट थोडी स्पष्ट बोलतो. पाहुण्यांनी राग मानू नये.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई, प्रदर्शन-रॅलीला मुभा. नियम झाला हे चांगलंच झालं. त्याआधी जुनी गाडी म्हणजे आरटीओच्या दारात उभं राहिलेलं अनाथ पोर होतं. पण त्यात एक अट आहे. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको.

आता आमच्या भागातली जीप बघा. पेट्रोल परवडेना म्हणून कुणी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. धानाची पोती न्यायची म्हणून मागचा भाग वाढवला. रोवणीच्या दिवसांत बायांना शेतावर न्यायचं म्हणून बाकडी ठोकली. गणपतीला तिनं मिरवणूक ओढली, अडलेल्या बाईला रात्री भंडाऱ्याला पोचवलं. ती जगली ती या बदलांमुळेच. आणि याच बदलांमुळे ती वारशाच्या वहीतून बाद! कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते, लोक हात जोडतात. मीही जोडेन. तशी गाडी मूळ रूपात राहिली पाहिजे, यात वादच नाही. पण जिच्या नशिबी राजवाडा नव्हता, तिला जोडकामासाठी शिक्षा देऊ नका. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी चाळीसच्या दशकात घरच्या घरी 'मीरा' नावाची छोटी मोटार घडवली आणि पुढे कित्येक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. कारखान्यातून ती कधी निघाली नाही. त्या गाडीचं मूळ रूप कोणतं धरायचं, सांगा बघू.

नियम बदला असं मी म्हणत नाही, ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात वही आहे. म्हणून या संमेलनात आम्ही एक वेगळं टेबल लावलं आहे, जेवणाच्या मांडवाशेजारी. तिथं मालकांनी गाडीची माहिती द्यायची, आणि तिला कोणत्या साली काय बसवलं, कुठल्या गावच्या कुठल्या मिस्त्रीनं बसवलं, तेही लिहायचं. इंजिन बदललं असेल तर लपवू नका. लुना घेऊन आलेल्यांनीही लिहावं. पहिली लुना आणि पहिली चेतक दोन्ही १९७२ च्या, म्हणजे त्या वर्षातल्या गाड्यांनी पन्नाशी गाठली. माझ्या बायकोच्या भाषेत, आता आपल्याला घरी दोन विंटेज सांभाळाव्या लागणार, एक लुना आणि एक मी.

हे टेबल का लावलं, ते सांगून खाली बसतो. फार्गोनंतर वडिलांनी लष्करी लिलावातली एक जीप घेतली होती. तिच्याच इंजिनावर मी शिकलो. पॉइंट घासायला, टॅपेट लावायला, फुटलेलं गास्केट पुठ्ठा कापून बनवायला. वडील गेले त्या वर्षी गॅरेजमध्ये जागा नव्हती, अंगावर कर्ज होतं. मी ती किलोच्या भावानं विकली. भंगारवाल्यानं काटा लावला तेव्हा मी पावतीवर सही केली आणि दुसऱ्या गाडीखाली झोपायला गेलो. तिच्यात काय मूळचं होतं आणि काय वडिलांनी बसवलेलं होतं, हे आज मला कुणी विचारलं तर निम्मंही सांगता येत नाही. कुठंच लिहिलेलं नाही. सीटखाली असायचं ते हँडल तेवढं भिंतीला टांगलेलं राहिलं.

बाकी व्यवस्थेचं थोडक्यात. जेवणात भंडाऱ्याचा चिन्नोर आहे, वासावरूनच कळेल. गाड्या मोहाच्या झाडाखाली सावलीत लावा. ऑइल गळत असेल तर खाली पत्रा ठेवा, त्या बांध्यांत मला पावसाळ्यात रोवणी करायची आहे. टाकीत पेट्रोल भरताना बिडी पिऊ नका. आणि कोणाची गाडी बंद पडली तर लाजू नका, इथं सतरा मिस्त्री आहेत आणि सगळे काहीतरी बंद पडायचीच वाट बघत आहेत.

दीपप्रज्वलन झालं की उद्घाटन बाहेर आहे. साकोलीकडच्या एका मित्रानं आपली जीप आणली आहे, सेल्फ नसलेली. माझ्या वडिलांचं हँडल तिला बसतं, काल रात्रीच लावून पाहिलं. उद्घाटकसाहेब, हँडल मारायचा मान तुमचा. फक्त एक ऐका. अंगठा हँडलाला विळखा घालून धरू नका, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवा आणि हिसका खालून वर द्या. इंजिननं उलटा मार दिला तर मनगट जाईल. माझं एकदा गेलं होतं. चला, बाहेर या सगळे.