कोंब काढला, पुढे काय?
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय जरा संकोचाचा आहे. पण संकोचापायीच आपण बायका दुखणे अंगावर काढतो, म्हणून तो मुद्दाम निवडला.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी मांसाचा लहानसा कोंब येतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक कोंब निरुपद्रवी असतात. परंतु काही जातींचे कोंब वर्षानुवर्षे वाढत जाऊन त्यांतून कर्करोग उद्भवतो. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. शिन्या व डॉ. वुल्फ यांनी पोट न फाडता, दुर्बिणीतून तारेचा फास टाकून असा कोंब काढला. आज ती सोय आपल्या मिरज-सांगलीला व कोल्हापुरातही आहे.

पण कोंब निघाला म्हणजे काम संपले, असे नव्हे. उसातली हरळी उपटली, तरी मुळाचा तुकडा राहिला की ती पुन्हा फुटते. शिवाय दुसऱ्या सरीत नवी उगवते ती वेगळीच. आतड्याचेही तसेच. मोठा कोंब तुकड्यातुकड्यांनी काढला असेल, तर साधारण सहा महिन्यांनी ती जागा पुन्हा पाहतात. कोंब एक सेंटिमीटर वा त्याहून मोठा असला, तर बहुधा तीन वर्षांनी. एक-दोनच आणि लहान असले, तर त्याहून बऱ्याच उशिरा. नेमकी मुदत काढलेल्या कोंबाच्या अहवालावरून डॉक्टर ठरवतात. तो कागद रेशनकार्डाइतका जपावा.

आता पथ्याचे. भाजीभाकरी, कोशिंबीर खाल्ली की कोंब पुन्हा येत नाही, असा समज आहे. अमेरिकेत कोंब काढलेल्या दोन हजारांवर माणसांवर याचा प्रयोग झाला व २००० साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमी तेलातुपाचा, भरपूर फळाभाज्यांचा व चोथ्याचा आहार सांगितला. चार वर्षांनी पाहता, दोन्ही गटांत नवे कोंब जवळजवळ सारखेच! भाजीभाकरी सोडू नका. ती हृदयाला व बद्धकोष्ठाला हितकारकच आहे. मात्र तिच्या भरवशावर तपासणी चुकवू नका.

विडी-सिगारेटने कोंबांचा धोका वाढतो. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेले आपले गाव तंबाखूच्या व्यापारासाठीही नावाजले. पण पेठ आपली म्हणून व्यसन आपले करायला नको. दारू व वाढते वजनही वाईटच. ॲस्पिरिनने नवे कोंब काहीसे कमी होतात असे दिसले आहे. परंतु तिने पोटात रक्तस्रावही होऊ शकतो. शेजारणीच्या सांगण्यावरून ती घेऊ नये.

कोंब बहुधा दुखत नाही. शौचावाटे रक्त गेले, की मूळव्याध म्हणून गप्प बसू नका. पाळी गेल्यावरही रक्त कमी भरत असेल, तर कारण शोधून घ्या. घरात कोणाचा कोंब निघाला असेल, तर भावंडांनी व मुलांनीही ते आपल्या डॉक्टरांना सांगावे.

यजमानांची तपासणी आपण तारीख लावून करून आणतो. स्वतःची मात्र दिवाळीनंतर, मग लग्नसराईनंतर, अशी पुढे ढकलतो. कोंब लग्नसराईसाठी थांबत नाही. ज्यांचा कोंब निघाला आहे, त्यांनी आज घरी जाऊन पुढची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.