आमची मॉरिस आणि सहा नवे फ्यूज
(मंडळाच्या मासिक सभेत आम्ही दोघा भावांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमची मॉरिस मायनर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. 1959 सालची, 948 सीसीची. आजोबांनी ती गोव्यात पोर्तुगीज अमलात घेतली, नंतर ती बेळगावला आली. लोक इंजिनाबद्दल विचारतात, रंगाबद्दल विचारतात. वायरिंगबद्दल कुणी विचारत नाही. आम्हीही कधी विचार केला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी चवथीला डिचोलीला निघालो होतो. मागे आई, तिच्या मांडीवर माटोळीच्या सामानाची पिशवी. चोर्ला घाटात अंधारून आलं म्हणून दिवे लावले, आणि डॅशबोर्डखालून जळका वास आला. मग धूर. बटण बंद केलं तरी धूर थांबेना! आईला खाली उतरवलं, बॉनेट उघडलं आणि पान्यानं बॅटरीची तार सोडवली. मिनिटभराचंच काम, पण तोवर वायरींची जुडी काळी झाली होती.

दोष साधा होता. बटणाकडे जाणारी तपकिरी वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती. बटणाच्या आधीच शॉर्ट झाल्यामुळे बटण बंद करून उपयोग नव्हता. आणि त्या वायरीला फ्यूजच नव्हता. या गाडीत कारखान्यातून दोनच फ्यूज येतात. एकावर हॉर्न वगैरे, दुसऱ्यावर वायपर, ब्रेकचा दिवा, पेट्रोलचा काटा. हेडलाइट आणि साइडलाइट थेट बॅटरीवर. सुती वेष्टनाच्या साठ वर्षांच्या वायरींवर हा भरवसा!

धाकट्याचं म्हणणं, मूळ गाडीला हात लावायचा नाही. थोरल्याचं म्हणणं, जळालेली गाडी मूळ राहून काय करायची? महिनाभर वाद झाला. शेवटी ठरलं की एकही नवं भोक पाडायचं नाही. नवी फ्यूजपेटी पट्टीवर बसवून जुन्याच स्क्रूला अडकवली, जुनी पेटी जागच्या जागी ठेवली.

फ्यूज दिव्याला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. म्हणून तो वायरीच्या सुरुवातीला हवा, विजेच्या उगमाजवळ. आम्ही तपकिरी वायरीच्या मुळाशी 20 अँपिअरचा एक घातला. पण तेवढ्यावर थांबलो असतो, तर कुठल्याही एका दिव्याच्या दोषानं घाटात सगळाच काळोख झाला असता. म्हणून पुढे फाटे केले. डिपरला डावा-उजवा वेगळा, प्रत्येकी 7.5. अपरला एक, 10 चा: 45 वॉटचे दोन दिवे म्हणजे 90 भागिले 12, साडेसात अँपिअर. साइडलाइटला डावा-उजवा वेगळा, 5 चा. झाले सहा. लहान फ्यूज आधी उडतो, मोठा सहसा टिकतो.

इथे एक चूक बरेच जण करतात. जुन्या ल्यूकसच्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं, तो आकडा उडण्याचा. सतत तो साधारण 17 अँपिअरच वाहतो. आजच्या पात्याच्या फ्यूजवरचा आकडा वाहण्याचा असतो. म्हणून 35 च्या जागी पात्याचा 35 घालू नका, 15 पुरे. दुसरं, आमच्या गाडीची बॉडी धन टोकाला जोडलेली आहे. आजच्या मेकॅनिकला हे सांगावं लागतं, नाहीतर तो सवयीनं उलटं जोडतो. आणि काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवा, हे मात्र सगळ्यांनाच लागू.

स्टार्टरच्या जाड केबलला फ्यूज घातला नाही, तिचा भार फार मोठा. इग्निशन कॉइलच्या पांढऱ्या वायरीलाही नाही. तो फ्यूज चढावर उडाला तर इंजिनच बंद पडेल.

गेल्या चवथीला पाऊस धो धो होता. साखळीच्या अलीकडे डावा साइडलाइट गेला. उजवा चालू, हेडलाइट चालू. डिचोलीला पोचून पाहिलं तर मागच्या दिव्यात पाणी शिरलं होतं. दिवा पुसून कोरडा केला, 5 चा नवा फ्यूज घातला. आई तोवर माटोळी बांधायला बसली होती.